छात्राध्यापकांना द्विशिक्षकी शाळेत पाठवा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक साधा हिशोब दिला आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील, तर शिक्षक दोन. वाडी, पाडा, तांडा, वस्ती अशा ठिकाणच्या जिल्हा परिषद शाळांचा कारभार या हिशोबावरच चालतो. चार-पाच इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळाच राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका, पूर्वीचं डी.एड.) करून, टीईटी ही पात्रता परीक्षा आणि टेट ही अभियोग्यता परीक्षा देऊन, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेला नवा शिक्षक पहिल्यांदा रुजू होतो तो बहुतेक वेळा अशाच शाळेत. सोयीच्या जागा सेवाज्येष्ठांनी बदलीत घेतलेल्या असतात, उरलेल्या नव्यांच्या वाट्याला येतात.

आता तो शिकवायला कुठे शिकला ते पाहा. अध्यापक विद्यालयाने आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावासाठी, दिलेली शाळा बहुधा तालुक्याच्या गावातली असते. कॉलेजच्या प्राध्यापकांना पाठ बघायला जाणं सोपं पडावं, मुलामुलींना एसटीने ये-जा करता यावी, म्हणून ती जवळची निवडलेली असते. तिथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र वर्ग, स्वतंत्र शिक्षक, कधी कधी दोन-दोन तुकड्या. म्हणजे आपण नव्या शिक्षकाला एका प्रकारच्या शाळेत शिकवायला शिकवतो आणि दुसऱ्याच प्रकारच्या शाळेत नोकरीला पाठवतो. शिक्षक-प्रशिक्षणावरच्या आपल्या चर्चा आंतरवासितेचे आठवडे किती असावेत यावर अडतात. माझ्या मते आठवड्यांआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: छात्राध्यापक, म्हणजे हा शिकाऊ शिक्षक, कोणत्या शाळेत राहील, आणि तिथे त्याच्या शेजारी कोण उभं असेल.

सराव पाठ कसा होतो हे डी.एड. केलेल्या कुणालाही विचारा. आदल्या रात्री पाठटाचण लिहायचं. प्रस्तावनेचे तीन प्रश्न, मग हेतुकथन, मग विषयविवेचन, उपयोजन, शेवटी स्वाध्याय. चार्टपेपर, फ्लॅशकार्ड, थर्माकोलचा नमुना. मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन प्राध्यापक किंवा सोबतचे छात्राध्यापक. प्रस्तावनेचे प्रश्न असे बेतलेले की मुलांकडून हवं तेच उत्तर यावं आणि त्या उत्तराला धरून 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असं म्हणता यावं. मुलांनाही याची सवय झालेली असते; दरवर्षी नवे ताई-दादा येतात, तेच प्रश्न विचारतात. पस्तीस मिनिटांत पाठ संपतो. वहीत शेरा पडतो: फलकलेखन सुवाच्य, आवाजात चढउतार हवा, साहित्याचा वापर समर्पक. मुलांना काय कळलं, कुणाला कळलं नाही आणि का नाही, याला त्या वहीत फारशी जागा नसते.

या सगळ्यातून काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही. उभं राहायची भीती जाते, अक्षर सुधारतं, पाठाची आखणी करायची सवय लागते. पण प्राथमिक शिक्षकाचं खरं काम आखणी कोसळते तिथे सुरू होतं, आणि सराव पाठात आखणी कोसळू नये याचीच सगळी तजवीज केलेली असते.

अकोले तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पाहिलेली एक गोष्ट सांगतो. शाळेतल्या बाई तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या, त्यामुळे चारही इयत्ता एकट्या गुरुजींपुढे. पहिलीची मुलं फरशीवर खडूने काढलेल्या चौकटींत चिंचोके मांडत होती. चौथीतली एक मुलगी दुसरीच्या तिघांचं वाचन ऐकत होती, कुठे अडलं तर बोट ठेवून दाखवत होती. गुरुजी तिसरीजवळ बसले होते. एका मुलीने पाटीवर ५२ वजा ३८ बरोबर २६ असं लिहिलं होतं. नवखा शिक्षक इथे चुकीची फुली मारतो, नाहीतर फळ्यावर हातच्याची वजाबाकी पुन्हा करून दाखवतो. गुरुजींनी विचारलं, "कसं केलंस, सांग बरं मला." ती म्हणाली, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन." गुरुजींनी तिला काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या दिल्या. "यातल्या अडतीस मला दे." तिने तीन गठ्ठे दिले, दोन सुट्ट्या दिल्या आणि थांबली. "अजून सहा पाहिजेत." मग गठ्ठ्याकडे पाहिलं. "सोडू का, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "तुला काय वाटतं?" तिने रबर काढलं, सहा मोजून दिल्या आणि उरलेल्या पुन्हा मोजल्या. एक गठ्ठा, चार सुट्ट्या. पाटी पुसून तिने १४ लिहिलं. तेवढ्यात पहिलीच्या दोघांची चिंचोक्यांवरून जुंपली होती, गुरुजी तिकडे वळले.

या आठ-दहा मिनिटांत शिक्षणशास्त्राची अर्धीअधिक पुस्तकं होती. चुकीच्या उत्तरामागेही मुलाचा काही नियम असतो. तो नियम ऐकून घ्यावा लागतो. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा या मुलीचा नियम तिच्या दृष्टीने बरोबरच होता. साहित्य शोभेसाठी नसतं, नियम मोडीत काढण्यासाठी असतं. एका इयत्तेजवळ बसताना बाकी तिघींना अर्थपूर्ण काम द्यावं लागतं आणि कान त्यांच्याकडे ठेवावा लागतो. हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण वाचून हातात येत नाही. जो रोज हे करतो त्याच्या शेजारी बसून, मग त्याच्या देखत स्वतः करून, मग त्याच्याशी बोलूनच ते येतं. त्या दिवशी त्या खोलीत एखादी छात्राध्यापिका असती, तर दहा सराव पाठांइतकं शिकली असती. नव्हती. अध्यापक विद्यालयाच्या यादीत ती शाळा बसतच नव्हती, कारण तिथे 'पुरेसे वर्ग' नाहीत.

प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण गावाच्या शाळेजवळ असावं ही मागणी आपल्याकडे नवी नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा याचं नेमकं वर्णन आहे. तो प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा समजून घेणारा असावा, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला त्याने लाजू नये, आणि त्याच्या शिक्षणात शेतीची व आरोग्याची मूलतत्त्वं असावीत. ज्या मुलांना शिकवायचं त्यांच्या जगण्यातून शिक्षकाची तयारी ठरवायची, हा विचार तिथे स्पष्ट आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्याच्या नावातच 'रूरल' होतं, कारण खेड्यांतल्या शाळांना शिक्षक हवे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ती गुरं चारायला कुरणात जातात, तर कुरणशाळा भरवली. तिथे तयार झालेल्या सेविकांचं प्रशिक्षण आणि त्यांचं काम एकाच अंगणात चाललं.

त्याही आधीची एक पद्धत जुन्या पिढीतल्या शिक्षकांच्या बोलण्यात अजून येते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झालेला मुलगा आधी शाळेत लागायचा, काही वर्षं 'अनट्रेंड' म्हणून काढायचा आणि मग लोकल बोर्ड त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं. पगार तुटपुंजा होता, आणि अननुभवी हातात पडलेल्या मुलांचं नुकसानही होत होतं. ती पद्धत परत आणावी असं कुणी म्हणणार नाही. पण ट्रेनिंगला जाणाऱ्याच्या डोक्यात वर्गातले खरे प्रश्न असायचे, ही तिची एक बाजू होती. आजचा छात्राध्यापक मानसशास्त्राचा पेपर लिहून झाल्यावर मुलांना भेटतो, आणि भेटतो तेव्हा पेपर विसरलेला असतो.

मग बिघडलं कुठे? कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळातच सांगितलं होतं की शिक्षक-प्रशिक्षण संस्था शाळांपासून तुटलेल्या आहेत. ती दरी भरण्याऐवजी आपल्याकडे नंतर अध्यापक विद्यालयांची खैरात झाली. बारावीनंतर दोन वर्षांत हमखास नोकरी, या समजुतीवर गावोगावी कॉलेजं निघाली. त्यांतल्या कित्येकांकडे ना स्वतःची इमारत होती ना नीट सराव शाळा. महाराष्ट्रातल्या अशाच शेकडो संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ च्या त्याच्या अहवालाने देशाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचं रूप उघडं केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याच अहवालाचा हवाला देत लिहिलं आहे की दहा हजारांहून अधिक संस्था गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. हा वाद आपल्या राज्यातून सुरू झाला होता, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये.

त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ मध्ये नवी नियमावली आणली. बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात वीस आठवडे शाळेत घालवणं बंधनकारक झालं. डी.एल.एड.मध्येही शाळेतला काळ लांबला. कागदावर हे योग्य पाऊल होतं. पण शाळा कोणती, तिथला कोण शिक्षक शिकवणार, त्याला त्यासाठी काय मिळणार, तो वेळ कुठून काढणार, यातलं फारसं काही बदललं नाही. नुसता काळ लांबल्यामुळे एक नवा त्रास उभा राहिला: छात्राध्यापक म्हणजे शाळेला मिळालेले आयते हात. एक शिक्षक रजेवर, एक मतदार याद्यांच्या कामावर, मग छात्राध्यापकाच्या ताब्यात वर्ग द्या. ऑनलाइन माहिती भरायची आहे, त्याला बसवा. गॅदरिंगचे नाच बसवायचे आहेत, पेपर तपासायचे आहेत, पोषण आहाराच्या नोंदी राहिल्यात, त्याला सांगा. यातली काही कामं त्यालाही पुढे करावी लागणार आहेत, ती एकदा पाहून घ्यायला हरकत नाही. पण ज्याच्या हाताखाली शिकायचं तोच वर्गात नसेल, तर त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

आंतरवासितेच्या व्यवस्थेत सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे शाळेतला तो शिक्षक. छात्राध्यापक येणार हे त्याला मुख्याध्यापकांकडून कळतं. कोणाला घ्यायचं, किती घ्यायचं, त्यांना काय शिकवायचं, यात त्याला कुणी विचारत नाही. मोबदला नाही, अध्यापनाच्या तासांत सवलत नाही. आणि छात्राध्यापक पास की नापास हे ठरतं कॉलेजच्या अंतर्गत गुणांवर, जिथे नापास होणारा शोधावा लागतो. चार महिने ज्याने त्याला रोज पाहिलं त्याच्या मताची तिथे किंमत नसावी, हे मला सर्वात खटकतं.

चांगले शिक्षक आपल्याकडे नाहीत अशी परिस्थिती मुळीच नाही. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः करून समजून घ्यायच्या पद्धतीने, मुलांना वाचायला आणि गणित करायला शिकवलं, तेव्हा राज्यभरातून शिक्षकांचे जथे तिथले वर्ग बघायला जाऊ लागले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या आगेमागे तर ती शिक्षकांची वारीच झाली होती. फरशीवर काढलेल्या आकृत्या, मुलांच्या हातातलं साहित्य, गटात चाललेलं काम हे डोळ्यांनी पाहून शिक्षक परत गेले आणि आपल्या शाळेत करू लागले. काहींनी फक्त फरशी रंगवली, हेही खरं. पण प्राथमिक शिक्षक दुसऱ्या प्राथमिक शिक्षकाचा वर्ग बघून शिकतो, आणि ते बघण्यासाठी पदरचा खर्च करून लांबचा प्रवास करतो, हे राज्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरीत असलेल्यांना जे उपयोगी पडलं, ते नोकरीत येण्याआधीच्या दोन वर्षांत का देऊ नये?

म्हणून माझी मांडणी अशी. शाळा निवडण्याआधी शिक्षक निवडा. प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, असे एक-दोन शिक्षक असतातच की ज्यांची मुलं वाचतात, ज्यांच्याकडे केंद्राच्या शिक्षण परिषदेत बाकीचे अडचण घेऊन जातात. केंद्रप्रमुखांना ते नावानिशी माहीत असतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे डाएटने, त्यांचे वर्ग प्रत्यक्ष पाहून त्यांना मार्गदर्शक शिक्षक म्हणून नेमावं. कागदपत्रांच्या फायलींवरून पुरस्कार देतो तशी ही निवड होऊ नये. त्यांना दरमहा भत्ता द्यावा आणि अशैक्षणिक कामांतून पूर्ण सूट द्यावी. एका शाळेत दोनच छात्राध्यापक असावेत, दहा-बारा जणांचा तांडा नको. पहिल्या वर्षी आठवड्यातले दोन दिवस त्या शाळेत, उरलेले कॉलेजात. दुसऱ्या वर्षी एक अख्खं सत्र शाळेत. आणि उत्तीर्ण करताना मार्गदर्शक शिक्षकाच्या मताला कॉलेजच्या बरोबरीचं वजन हवं.

अख्खं सत्र का, याचं कारण गावाच्या वर्षात आहे. जूनमधली शाळा आणि दिवाळीनंतरची शाळा एक नसते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की वर्गातली मुलं आई-बापाबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जी जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तेव्हा त्यांचं वाचन मागे गेलेलं असतं. ज्याने हे येणं-जाणं पाहिलं नाही, त्याला पहिल्या नेमणुकीच्या वर्षी अर्धा वर्ग रिकामा झाला की धक्का बसतो आणि तो हजेरीपटावर लाल शाईने गैरहजर मांडत राहतो. मेळघाटात पहिलीतलं मूल कोरकू बोलत येतं. नंदुरबारच्या पाड्यावर पावरी किंवा भिलोरी, भामरागडकडे माडिया. शिक्षकाची मराठी त्याच्या कानाला परकी असते. या मुलाला पुस्तकातली मराठी कधी आणि कशी द्यायची, घरच्या भाषेचा हात कसा धरायचा, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या शिक्षकालाच ठाऊक असतं. शहरातल्या सराव शाळेत हा प्रश्नच येत नाही.

यावर पहिली शंका येते ती मुलांची. द्विशिक्षकी शाळांतली मुलं आधीच गरीब घरांतली. त्यांच्यावर नवशिक्यांचे प्रयोग का? शंका रास्त आहे. पण आजही हेच होतं, फक्त ते नोकरी लागल्यावर, कुणाच्याही देखरेखीशिवाय होतं. नवा शिक्षणसेवक रुजू होतो आणि पहिल्याच आठवड्यात दोन इयत्ता त्याच्या गळ्यात पडतात. शिक्षणसेवकाची तीन वर्षं म्हणजे खरं तर शिकण्याचा, पारखण्याचा काळ. त्या काळात त्याला कमी मानधन दिलं जातं. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन सोळा हजार झालं, त्याआधी वर्षानुवर्षं ते सहा हजारांवर अडलेलं होतं. पैसे नवशिक्याचे द्यायचे आणि काम मुरलेल्याचं मागायचं, वर शिकवायला कुणी नाही. एक जाणता शिक्षक आणि त्याच्या हाताखाली दोन छात्राध्यापक असतील, तर त्या खोलीतल्या मुलांना एकाऐवजी तिघांचं लक्ष मिळेल. चार इयत्तांच्या खोलीत याची किंमत किती, हे तिथे शिकवणाऱ्याला विचारा.

दुसरी शंका उलट बाजूने येते. सगळं शाळेतच शिकायचं तर कॉलेज हवंच कशाला? याचं उत्तर वस्तीशाळांनी दिलेलं आहे. २००० नंतर राज्याने दुर्गम वस्त्यांवर स्थानिक तरुण-तरुणींना अगदी नाममात्र मानधनावर निमशिक्षक म्हणून उभं केलं. त्यांच्यामुळे हजारो मुलं पहिल्यांदा शाळेत बसली, हे ऋण मोठं आहे. पण त्यांना शेजारी बसून शिकवणारं कुणी नव्हतं, वाचायला वेळ नव्हता, डी.एड. त्यांना नोकरी करत करत नंतर पूर्ण करावं लागलं. नुसता अनुभव माणसाला त्याच त्या सवयींत पक्का करतो. मुलाची चूक का होते, वाचन मेंदूत कसं घडतं, जातीपातीचा आणि लिंगभेदाचा वर्गात कसा शिरकाव होतो, मुलाला मारणं का चुकीचं, यासाठी अभ्यास लागतो, वाद घालायला सोबती लागतात. कॉलेज हवंच. फक्त कॉलेजच्या प्राध्यापकांनीही त्या द्विशिक्षकी शाळेत आठवड्यातून एकदा तिसरीला गणित शिकवावं, निरीक्षण वही बाजूला ठेवून. सिद्धांत सांगणारा माणूस मुलांसमोर अडखळताना छात्राध्यापकाने पाहिला, तर त्या दोघांतलं बोलणं खरं होईल.

पैशाचं काय, हा प्रश्न आता तरी विचारू नये. २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्याने बारावी झालेल्याला सहा हजार, पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन दिलं. त्यांतले अनेक डी.एड.-बी.एड. झालेले तरुण जिल्हा परिषद शाळांमध्येच प्रशिक्षणार्थी म्हणून गेले. म्हणजे शाळेत शिकणाऱ्या तरुणाला पैसे द्यायची तयारी आहे, यंत्रणाही आहे. तोच पैसा पदविका घेतल्यानंतर बेकारीवर उतारा म्हणून देण्यापेक्षा पदविका घेताना, मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली, का देऊ नये? आज आंतरवासितेतल्या मुलीला एसटीचं भाडं, चार्टपेपर, झेरॉक्स सगळं घरून आणावं लागतं. लांबच्या पाड्यावर जायचं तर राहायची सोय, सोबत आणि सुरक्षितता हवी. मुलींना जोडीनेच पाठवायचं, गावात शाळा व्यवस्थापन समितीने खोली बघायची, राहणं शक्य नसेल तिथे येण्या-जाण्याचा खर्च सरकारने भरायचा. ही व्यवस्था अवघड आहे, पण मतदान केंद्रं आपण याहून दुर्गम ठिकाणी उभी करतो.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण पुढची काही वर्षं निर्णायक आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा खटल्यात सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता नाही. लहान मुलांना शिकवायचं शास्त्र वेगळं आहे. प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा इतका स्पष्ट सन्मान क्वचितच झाला असेल. दुसरीकडे राष्ट्रीय धोरण म्हणतं की २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी. चार वर्षांचा सखोल अभ्यास वाईट नाही, आणि स्थानिक शाळांत भक्कम सराव असावा असं त्या धोरणातही लिहिलं आहे. माझी काळजी जागेची आहे. हे अभ्यासक्रम बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चालणार, म्हणजे जास्त करून शहरांत. तालुक्याच्या गावातलं अध्यापक विद्यालय कितीही कच्चं असलं तरी ते गावाजवळ होतं. बारावी झालेल्या मुलीला बाप तिथे पाठवायला तयार व्हायचा, कारण ती संध्याकाळच्या गाडीने घरी यायची आणि दोन वर्षांत पायावर उभी राहायची. ग्रामीण महाराष्ट्रातल्या किती घरांतली पहिली कमावती बाई डी.एड. झालेली शिक्षिका आहे! चार वर्षं, शहरातलं वसतिगृह आणि वाढलेली फी यांमुळे ती गळणार असेल, तर फुल्यांनी ज्या शिक्षकाची मागणी केली होती, तोच या व्यवस्थेतून बाहेर फेकला जाईल. प्रशिक्षण शहरात गेलं तर सराव शाळाही शहरातल्याच होतील.

त्यामुळे चालू असलेली चांगली शासकीय अध्यापक विद्यालयं आणि डाएट बंद होऊ देऊ नयेत. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची ग्रामीण केंद्रं म्हणून ती उभी करावीत आणि तिथली रिक्त पदं भरावीत. आणि २०३० ची वाट न पाहता एका डाएटने येत्या जूनपासून एका तालुक्यात सुरुवात करावी. दहा द्विशिक्षकी शाळा, वर्ग पाहून निवडलेले दहा मार्गदर्शक शिक्षक, प्रत्येकाकडे दोन छात्राध्यापक, दोघांनाही विद्यावेतन. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. जूनमध्ये आणि एप्रिलमध्ये त्या दहा शाळांतल्या प्रत्येक मुलाचं वाचन आणि हातच्याची वजाबाकी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावी, शेजारच्या दहा शाळांशी ताडून पाहावी आणि आकडे तालुक्याच्या लोकांपुढे जसेच्या तसे ठेवावेत.